लेकीचा जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: कागद, पैसे आणि एजंटाचा प्रश्न

मिरजेच्या बाई | १८ जून २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहायची ही दुसरी-तिसरी वेळ.

लेकीला जर्मनीत नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातल्या एका सरकारी होखशूलमध्ये (उच्च शिक्षण संस्थेत) मेकॅट्रॉनिक्सच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. पत्र परवा आलं. वर्ग २२ सप्टेंबरला सुरू होतात. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्या दिवसापासून पोटात गोळा आलाय.

तिची माहिती अशी. शिवाजी विद्यापीठाची बी.ई. मेकॅनिकल, सीजीपीए ७.८. एम-थ्रीची (गणित-३ची) एक केटी होती, म्हणजे विषय राहिला होता, ती पुढच्याच सत्रात सुटली. मग चाकणला दीड वर्ष नोकरी. इंग्रजीची आयईएलटीएस ६.५. जर्मन ए-टू पातळीपर्यंत झालंय. एपीएसचं, म्हणजे जर्मनीसाठी शैक्षणिक कागद तपासल्याचं, प्रमाणपत्र मार्चमध्येच मिळालं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हे शेती बघतात. हळद आणि ऊस.

आता अडचण. ओळखीतून एका एजंटाकडे गेलो. व्हिसाचं "पॅकेज" ८५,००० रुपये सांगितलं. कागदांची यादी दिली: तिघांचे तीन वर्षांचे आयटीआर, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट, घराचं आणि शेताचं मूल्यांकन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. शेतीचं उत्पन्न आयटीआरमध्ये दिसत नाही म्हटल्यावर म्हणाला, "थोडं फुगवून घेऊ, सगळे तसंच करतात." मला ते अजिबात पटलेलं नाही. पण नकार दिला आणि पोरीचं वर्ष गेलं तर, ही भीतीही आहे. ज्यांनी गेल्या एक-दोन वर्षांत हे केलंय त्यांनी कृपया सांगा. एजंटाशिवाय जमतं का?

---

चाकण फाटा | १८ जून, रात्री १०:१५

जमतं. माझं मी केलं, २०२३ मध्ये. पोर्टल, फॉर्म, सगळं साध्या इंग्रजीत असतं. प्रवेशाचे अर्ज लेकीनं स्वतः भरले असतील तर त्यापुढे व्हिसाचा अर्ज सोपाच वाटेल तिला.

---

वेंगुर्ला | १८ जून, रात्री १०:५२

बाई, फुगवायला मुळीच देऊ नका. कुणाचा व्हिसा फुगवून झाला असेलही, पण खोटा कागद सापडला तर नकार पोरीच्या नावावर लागतो, एजंटाच्या नाही.

---

रूरकाठ | १९ जून, पहाटे २:०५

बाई, मी सात वर्षांपूर्वी असाच आलो आणि आता इथेच नोकरी करतो. दर सत्राला पाच-सहा मुलांना कागदांत मदत करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या यादीबद्दल. ती यादी जर्मनीची वाटतच नाही. अमेरिकेच्या मुलाखतीत घरची परिस्थिती, पैसा कुठून येणार, शिकून परत येणार का, हे सगळं समोरच्या अधिकाऱ्याला पटवावं लागतं, कारण परत जाणार हे पटलं नाही तर व्हिसा नाकारायचं तिथलं कलम २१४(ब) हातात घेऊनच तो बसलेला असतो. ब्रिटनला पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवावं लागतं. तिथे असे कागद जमवतात. जर्मनीचा हिशेब वेगळा आहे. तिथे पैशांबाबत मुख्य प्रश्न एवढाच: पहिल्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे कुठे आहेत? त्याचं सर्वांत सरळ उत्तर म्हणजे श्पेरकाँटो, आपल्याकडे सगळे ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात ते. त्यात ११,९०४ युरो भरायचे. महिन्याला ९९२ गुणिले बारा. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे, आधी ११,२०८ होता, म्हणून जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. पैसे भरले की पुष्टीपत्र मिळतं आणि तेच व्हिसाला लावायचं. मुलगी इथे आली, इथलं खातं उघडलं, की दर महिन्याला ९९२ युरो सुटतात. एकदम काढता येत नाहीत, म्हणून तर त्याला ब्लॉक्ड म्हणतात.

म्हणजे तुमच्या शेताचं मूल्यांकन कुणी बघणार नाही. हळदीचे पैसे असोत, कर्ज असो, तुमचा पीएफ असो, ते त्या खात्यात पोचले की झालं.

बाकी कागद: पासपोर्ट, प्रवेशाचं पत्र, एपीएस, दहावी-बारावी आणि सगळ्या सत्रांच्या मार्कशीट, पदवी, आयईएलटीएस, बायोडेटा, मोटिव्हेशन लेटर (हा अभ्यासक्रम का शिकायचाय ते सांगणारं पत्र), नोकरीचं पत्र, आरोग्य विमा, फोटो. एपीएस तुमच्याकडे आहे हे फार बरं झालं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं झालं आणि १८,००० रुपये भरूनही कागद अपुरे म्हणून कितीतरी मुलं तिथेच अडकतात.

अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तिथे आधी कागद बघतात, कमी-जास्त असेल तर कळवतात, मग व्हीएफएसला (व्हिसाचे कागद स्वीकारणारी कंपनी) बोटांचे ठसे आणि मूळ कागद घेऊन जायचं. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या कॉन्सुलेटखाली येतं. फी ७५ युरो, रुपयांत घेतात, वर व्हीएफएसचा सेवाआकार. यात ८५,००० कुठे बसतात ते तुम्हीच ठरवा.

एक विनंती. अर्ज लेकीलाच भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, स्पेलिंग तपासा, पण टाइप तिनंच करावं. इथे आल्यावर नगरपालिकेत नोंदणी, विमा, बँक, राहण्याचा परवाना हे सगळं तिला एकटीला, अर्धं जर्मनमध्ये करायचंय. ज्यांचे अर्ज दुसऱ्यानं भरले त्या मुलांना स्वतःच्या फॉर्मवर काय लिहिलंय हेच माहीत नसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

मिरजेच्या बाई | १९ जून, संध्याकाळी ७:३०

रूरकाठ, किती आभार मानू? तुमचा प्रतिसाद लेकीनं, मी आणि ह्यांनी एकत्र बसून वाचला. एजंटाला सकाळीच फोन करून नको म्हणून सांगितलं.

पण पोर्टलवर पहिल्याच पानावर अडलो. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आपलं बोर्ड आडनाव आधी छापतं: आडनाव, मुलीचं नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात मुलीचं नाव नि वडिलांचं नाव जोडून. त्यात ह्यांच्या नावाच्या शेवटी पासपोर्टवर एक "ए" जास्त आहे, जो मार्कशीटवर नाही. पदवी प्रमाणपत्रावर तो "ए" पुन्हा आलाय. तीन कागद, तीन तऱ्हा. काय करावं?

---

तांबडी माती | १९ जून, रात्री ८:१०

दत्तात्रय, ज्ञानेश्वर, विठ्ठल, लक्ष्मण... घरोघरी हीच कथा. नावांचा क्रम वेगळा असणं ही अडचण नाही, महाराष्ट्राच्या मार्कशीट रोज बघणाऱ्यांना ते माहीत असतं. अर्जात मात्र पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, अक्षराला अक्षर लिहा. त्या जास्तीच्या "ए"साठी नोटरीकडून एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि सोबत जोडा. एपीएसला काय नाव दिलं होतं?

---

मिरजेच्या बाई | १९ जून, रात्री ८:२५

पासपोर्टप्रमाणेच. प्रमाणपत्रावर तेच आलंय.

---

तांबडी माती | १९ जून, रात्री ८:३१

मग निम्मं काम झालंय. मूळ आडनावच बदललेलं असेल तर राजपत्रातली नोंद लागू शकते. तुम्हाला त्याची गरज नाही.

---

निवृत्त रोखपाल | २० जून, सकाळी ११:२०

बाई, मी बँकेच्या परकीय चलन विभागात बावीस वर्षं काढली. पैसे पाठवताना लोक जिथे पडतात त्या दोन-तीन जागा सांगतो.

पहिली टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराची. युरो शंभराच्या आसपास धरला तर खात्याची फी वगैरे धरून तुम्हाला साधारण १२ लाख १० हजार पाठवावे लागतील. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तो प्रश्न नाही. पण एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. ही दहा लाखांची मर्यादा एप्रिल २०२५ पासून झाली, पूर्वी सात होती. शिक्षणासाठी स्वतःचे पैसे असतील तर २०२५-२६ या वर्षात पाच टक्के. म्हणजे तुमच्या बाबतीत २ लाख १० हजारांवर १०,५००. हे पैसे बुडत नाहीत. २६एएस या तुमच्या कराच्या पत्रकात दिसतात, विवरणपत्र भरताना वळते होतात किंवा परत मिळतात. पण त्या दिवशी खात्यातून जातातच, म्हणून तेवढी रक्कम जास्तीची ठेवा. मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते. तुम्ही स्वतःच्या खात्यातून काही आणि यजमानांनी त्यांच्या खात्यातून काही पाठवलं तर टीसीएसचा प्रश्नच येणार नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम जात असेल तरी टीसीएस नाही.

दुसरी जागा, आणि इथेच सगळ्यात जास्त रडारड होते. परदेशी पैसे पाठवताना मधल्या बँका आपला आकार कापून घेतात. अर्जावर खर्च कुणी सोसायचा असा रकाना असतो: पाठवणाऱ्यानं, घेणाऱ्यानं, की वाटून. तिथे "पाठवणाऱ्यानं" यावर खूण करा आणि ती झाली आहे का हे काउंटरवर डोळ्यांनी बघा. नाहीतर ११,९०४ च्या जागी ११,८८० पोचतात आणि पुष्टीपत्र अडून बसतं. मग वीस-पंचवीस युरो पाठवायला पुन्हा पाचशे-हजार रुपये खर्च आणि तीन-चार दिवस. थोडे युरो जास्तच पाठवा.

तिसरं, पाठवण्याचा हेतू "परदेशी शिक्षण" असाच लिहा. "कुटुंबाचा चरितार्थ" असं लिहून ठेवणारे कारकून आहेत.

---

मिरजेच्या बाई | २० जून, दुपारी ४:०५

रोखपाल काका, तुमच्यासारखी माणसं इथे आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं. तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून बँकेच्या फाइलला लावलाय.

आम्ही साडेसात लाख कर्ज काढतोय, राष्ट्रीयीकृत बँकेतून, तेवढ्याला तारण मागितलं नाही. बाकीचे हळदीचे आणि माझ्या आवर्ती ठेवीचे.

---

निवृत्त रोखपाल | २० जून, दुपारी ४:४०

उत्तम. फेडायला लागल्यावर व्याजाची आयकरात वजावट आठ वर्षं मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. तेव्हा लेक किंवा तुम्ही, जो फेडणार त्यानं प्रणाली निवडताना हे लक्षात ठेवा.

---

कुंभारवाडा | २१ जून, सकाळी ९:००

मध्येच विचारतो, माफ करा. माझा भाचा अनुसूचित जातीचा आहे, त्यालाही बाहेर जायचंय. शासनाची काही योजना आहे का?

---

तांबडी माती | २१ जून, सकाळी ९:४५

आहे. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, दरवर्षी ७५ जागा. शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडं यात येतं. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून भाच्याला सांगा, कॉलेजं निवडतानाच ती क्रमवारी बघायची, प्रवेश झाल्यावर नाही. लहान होखशूल शिकायला चांगली असली तरी त्या यादीत नसतात. यंदाच्या जाहिरातीतल्या अटी नीट वाचा, त्या बदलत असतात. इतर मागासवर्गीयांसाठीही वेगळी योजना आहे.

---

मिरजेच्या बाई | २४ जून, रात्री १०:३०

आज मोटिव्हेशन लेटरबद्दल लिहायचंय, कारण गेले तीन दिवस घरात तेच चाललंय.

एजंटानं पहिल्या भेटीत एक "नमुना" दिला होता. पानभर मजकूर. जर्मनी ही अभियंत्यांची भूमी आहे, मला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे, आपल्या विद्यापीठाचं वातावरण जागतिक दर्जाचं आहे. लेकीच्या मैत्रिणीला त्यानंच दिलेलं पत्र आम्ही मागून घेतलं. कॉलेजचं नाव सोडून शब्दन् शब्द तोच. ती मैत्रीण कॉम्प्युटरची आहे. तिलाही लहानपणापासून यंत्रांचीच आवड.

मी लेकीला म्हटलं, हे बाजूला ठेव आणि मला तोंडी सांग, कशाला चाललीस? आधी ती पत्रातलंच बोलत होती. मग मी विचारलं, चाकणला तू रोज करायचीस काय? तेव्हा सांगायला लागली. असेंब्लीच्या पट्ट्यावर एक सेन्सर होता, सुटा भाग आला की नाही हे ओळखणारा. त्यावर तेलाचा थर बसला की भाग समोर असूनही त्याला दिसायचा नाही आणि सगळा पट्टा थांबायचा. दर पाळीला कुणीतरी फडकं घेऊन तो पुसायचं. हिनं सहा आठवडे वहीत नोंदी केल्या, कुठल्या वेळेला, किती मिनिटं थांबला. मग सेन्सरची जागा चार बोटं वर घ्यायला लावली आणि थांबणं बरंच कमी झालं. पण पीएलसीचा, म्हणजे पट्टा चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा, प्रोग्राम बदलायचा म्हटलं की बाहेरचा माणूस यायची वाट बघायला लागायची, कारण हिला यंत्र कळत होतं आणि त्याच्या मागचं नियंत्रण कळत नव्हतं.

म्हटलं, हेच लिही की मग.

तिनं त्या होखशूलचं मॉड्यूल हँडबुक उघडलं, त्यात कुठल्या सत्रात कुठला विषय ते सगळं दिलेलं असतं. नियंत्रण प्रणाली आणि सेन्सर तंत्रज्ञानाचे विषय कुठे आहेत ते बघून तिनं पत्रात त्यांची नावं घातली. एम-थ्रीची केटीही लपवली नाही, एका वाक्यात सांगून टाकली. पत्र सव्वा पान झालं. भाषा साधी आहे, दोन-तीन ठिकाणी इंग्रजी अवघडलंय, पण ते माझ्या मुलीचं आहे. वाचताना मला तो तेलकट सेन्सर दिसला. अठ्ठावीस वर्षं मुलांचे निबंध तपासतेय, पाठ केलेला कुठला आणि स्वतःचा कुठला हे मला पहिल्या चार ओळींत कळतं. व्हिसाच्या टेबलावरच्या माणसाला कळत नसेल का?

---

रूरकाठ | २५ जून, पहाटे १:२०

बाई, हे पत्र असंच जाऊ द्या. इंग्रजी कुणाकडून "सुधारून" घेऊ नका.

---

चाकण फाटा | २५ जून, सकाळी ८:०२

त्या पट्ट्यावर मीही फडकं मारलंय, वेगळ्या कंपनीत. वाचून भरून आलं.

---

घाटमाथा | ४ जुलै, दुपारी १:१५

धागा वाचून धीर करून लिहितोय. माझ्या पुतण्याला मे महिन्यात जर्मनीचा व्हिसा नाकारला. बी.ई. सिव्हिल, आणि प्रवेश घेतला एका खासगी संस्थेत व्यवस्थापनाच्या मास्टर्सला, कारण तिथे लगेच प्रवेश मिळत होता. फी आधीच भरली होती, काही लाखांत. नकारपत्रात कारण असं की आधीचं शिक्षण आणि हा अभ्यासक्रम यांचा संबंध पटत नाही. आता अपील करायचं म्हणतोय. आधी रेमॉन्स्ट्रेशन नावाचं काहीतरी असायचं ना?

---

रूरकाठ | ४ जुलै, संध्याकाळी ६:५०

दादा, वाईट वाटलं. रेमॉन्स्ट्रेशन म्हणजे कॉन्सुलेटलाच फेरविचाराची विनंती करायची, पैसे न लागता. ती सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. आता दोनच वाटा: नव्यानं अर्ज, किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. पुतण्याचा नकार मे महिन्यातला आहे, त्यामुळे नकारपत्राच्या शेवटी कुठला उपाय आणि किती मुदत लिहिलीय ते आजच वाचा. त्या पत्रावर जे छापलंय ते तुम्हाला लागू.

नव्यानं अर्ज करायचा असेल तर त्याच कागदांवर करू नका. सिव्हिलवाल्यानं व्यवस्थापन शिकू नये असं नाही, पण बांधकामाच्या साइटवर काम करून नियोजनाकडे वळलो अशी काही खरी वाट असेल तर ती दाखवावी लागते. नसेल तर त्याच्या विषयाजवळचा सरकारी अभ्यासक्रम शोधा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सत्राला दीडशे ते साडेतीनशे युरोची वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळ्यापासून शुल्क लावलंय, हे अपवाद लक्षात ठेवा.

आणि सगळ्यांसाठीच: कुठल्याही संस्थेला पैसे भरण्याआधी अनाबिन नावाच्या जर्मन सरकारी यादीत तिचं नाव शोधा, समोर "एच प्लस" (म्हणजे मान्यताप्राप्त) असायला हवं. अभ्यासक्रम पूर्ण वेळ वर्गात आहे का तेही बघा. अर्धा ऑनलाइन असेल तर पुढे राहण्याच्या परवान्याला अडचण येते.

---

घाटमाथा | ४ जुलै, रात्री ९:३०

पत्र काढून वाचलं. मुदत अजून आहे. उद्या वकिलाशी बोलतो आणि पुतण्याला दुसऱ्या बाजूनं अभ्यासक्रमही शोधायला लावतो. त्याच्या गुणांचं जर्मन ग्रेडमध्ये कसं होतं? सीजीपीए ७.१.

---

रूरकाठ | ४ जुलै, रात्री १०:५५

बव्हेरियन सूत्र म्हणतात त्याला. दहातून मिळालेले वजा करा, त्याला दहा वजा किमान उत्तीर्ण यानं भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. किमान ४ धरलं तर २.९ ला ६ नं भागून गुणिले ३, अधिक १. म्हणजे २.४५. जर्मनीत १ सर्वोत्तम, ४ काठावर पास. बऱ्याच ठिकाणी २.५ पर्यंत घेतात, म्हणजे पुतण्या दाराच्या आत आहे. युनि-असिस्ट (विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) मार्फत अर्ज असेल तर पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. उन्हाळी सत्राची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जानेवारीला संपते.

---

मिरजेच्या बाई | २३ जुलै, रात्री ८:४५

सोमवारी मुंबईला जाऊन आलो. आठवण ताजी आहे तोवर लिहिते.

पोर्टलवर अर्ज २६ जूनला भरला. आठवड्यानं निरोप आला, नोकरीच्या पत्रावर कामाचं स्वरूप लिहिलेलं नाही. लेकीनं कंपनीतल्या साहेबांना फोन केला, त्यांनी दोन दिवसांत नवं पत्र दिलं. मग २१ जुलैची वेळ मिळाली.

मिरजेहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला बसलो, सकाळी सीएसएमटीला उतरलो. फाइलचे दोन संच, मूळ कागद वेगळे, वर यादी चिकटवलेली. आत फक्त उमेदवाराला सोडतात. मी बाहेर फुटपाथवर एका दुकानाच्या पायरीवर बसले. पाऊस होता. माझ्यासारखे पाच-सहा आईबाप होते, नाशिकचे, परभणीचे, एक जोडपं मडगावचं. सगळ्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी.

वीस मिनिटांत लेक बाहेर आली. चेहरा पडलेला. फोटो नाकारला होता. आमच्या फोटोवाल्यानं सवयीनं चेहरा उजळ करून दिला होता आणि कपाळावरची जखमेची खूण पुसून टाकली होती. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती त्याची खूण, पासपोर्टमध्ये ती दिसते. तिथल्या तिथे नवा फोटो काढायची सोय होती, पैसे भरले, काम झालं. पण त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते मला माहीत. फोटो काढायला जाल तेव्हा त्याला बजावून सांगा, ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरट पार्श्वभूमी, आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही.

बाकी सगळं शांतपणे झालं. काउंटरवरच्या मुलीनं "ए"चं प्रतिज्ञापत्र बघितलं, काही न बोलता संचात लावलं. मोटिव्हेशन लेटरखाली सही राहिली होती, तिथेच करून घेतली.

रोखपाल काका, पाठवणाऱ्यानं खर्च सोसायच्या रकान्यावरची खूण आमच्या शाखेतही राहिली होती. तुम्ही सांगितलं म्हणून मी काउंटरवर वाकून बघितलं. साहेबांनी "हो की" म्हणून खूण केली. ११,९०४ वर वीस युरो जास्त धरून पाठवले होते, पुष्टीपत्र तिसऱ्या दिवशी आलं.

---

निवृत्त रोखपाल | २३ जुलै, रात्री ९:२०

वाकून बघितलंत हे फार छान केलंत.

---

वेंगुर्ला | २४ जुलै, सकाळी ७:१५

आता थांबायचं तेवढं. रोज ट्रॅकिंग उघडू नका, त्यानं काही लवकर होत नाही. माझ्या मुलाच्या वेळी पाच आठवडे लागले होते.

---

मिरजेच्या बाई | २९ ऑगस्ट, सकाळी ११:०५

आला!! पासपोर्ट आत्ता कुरिअरवाल्यानं दिला. पाकीट फोडताना लेकीचे हात थरथरत होते. उद्या गौरीचं सामान आणायला बाजारात जायचंय आणि आज घरात कुणालाच काही सुचत नाहीये.

तिकीट ११ सप्टेंबरचं बघतोय. खोलीचं मात्र अजून ठरलेलं नाही. एक मालक फार चांगला वाटतोय, मी परदेशात आहे, अनामत ८०० युरो पाठवा, किल्ली कुरिअरनं पाठवतो म्हणतो.

---

रूरकाठ | २९ ऑगस्ट, सकाळी ११:२०

अभिनंदन! आणि त्या माणसाला एक युरोही पाठवू नका. ही फसवणूक ठरलेली आहे, शब्दही हेच असतात. न पाहिलेल्या खोलीला, करार नसताना, पैसे द्यायचे नाहीत. श्टुडिरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था) वसतिगृहाच्या यादीत नाव आजच घाला. तोवर महिनाभरासाठी तात्पुरती खोली बघा, पण अशी की जिथला मालक राहत्या जागेचं पत्र द्यायला तयार असेल. त्या पत्राशिवाय नगरपालिकेत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होत नाही आणि ती राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. लेकीचा नंबर निरोपात पाठवा, माझ्या बायकोच्या ओळखीत एक मराठी मुलगी आहे, तिच्या घरातली खोली ऑक्टोबरपर्यंत रिकामी आहे.

---

मिरजेच्या बाई | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५०

बरेच दिवसांनी लिहितेय. लेक पोचली, त्या मराठी मुलीकडेच उतरली, आता वसतिगृहात खोली मिळालीय. आनमेल्डुंग झालं. विमा सरकारी घेतला, महिन्याला साधारण १४५ युरो जातात. खोलीला ३१०. पहिले ९९२ जमा झाले त्या दिवशी तिनं व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली. ह्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला. व्हिसा काही महिन्यांचाच असल्यानं परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकलाय. काम वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येतं, पण पहिलं सत्र करायचं नाही असं तिनंच ठरवलंय.

---

पाचवड | १४ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

बाई, पूर्ण धागा वाचला. माझा मुलगा उन्हाळी सत्रासाठी प्रयत्न करतोय, डिप्लोमा करून बी.ई. प्रॉडक्शन. एपीएसचा अर्ज गेलाय. तुमच्या मुलीचं मोटिव्हेशन लेटर नमुना म्हणून पाठवाल का? नाव वगैरे काढून चालेल.

---

मिरजेच्या बाई | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१५

दादा, ते पत्र नाही पाठवणार, राग मानू नका. त्यातला सेन्सर माझ्या मुलीचा आहे, तुमच्या मुलाच्या अर्जात तो शोभणार नाही. त्याला विचारा, कुठल्या यंत्रासमोर सगळ्यात जास्त तास उभा राहिलास आणि काय बिघडायचं? तो सांगेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. मग त्यानंच बसून लिहावं. पहिला कच्चा खर्डा झाला की मला निरोपात पाठवा. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, दुपारी वाचून लगेच कळवते.